दिवेलागणीला फौजीचं नाव घ्यायचं ते असं

पोरगा, नवरा, भाऊ नाहीतर दीर मिलिटरीत असेल आणि टीव्हीवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या, की घरातल्या बाईला दोनच गोष्टी सुचतात. फोन हातात धरून बसायचं, नाहीतर देवापुढं उभं राहून ‘देवा, सांभाळ रे’ म्हणायचं. फोन लागत नसतो. आणि ‘सांभाळ रे’ दहा वेळा म्हटलं की अकराव्या वेळी तोंडातून शब्द निघत नाही, डोळ्यांपुढं नको नको ते यायला लागतं. हे लिहितेय ते त्या अकराव्या वेळेसाठी.

मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. सासूबाईंनी १९६५ आणि १९७१ काढलं. मी १९९९ काढलं, तेव्हा आमचे हे काश्मीरमध्ये होते. मे २०२५ मध्ये धाकट्याची सुट्टी रद्द झाली आणि तो अर्धी भाकरी ताटात ठेवून निघाला, तेव्हा सून माझ्या शेजारी देवापुढं बसली. आमच्या भागात यात नवल काही नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर गावाच्या नावापुढंच ‘मिलिटरी’ लावतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत, इंग्रजांनी त्यांचं स्मारक तिथं उभारलं. म्हणजे इकडच्या बायका शंभर वर्षं हेच करत आल्यात. फक्त कसं करायचं ते कुणी कागदावर ठेवलं नाही.

एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. देवापुढं आपली भीती उगाळत बसायचं नाही, त्याला तिथं काय लागतं ते मागायचं. आणि काय लागतं ते त्यालाच विचारायचं, सुट्टीवर आला की. मी ह्यांना विचारलं होतं, “तिथं असताना तुम्हाला काय पाहिजे असायचं?” म्हणाले, “झोप.” “आणि?” “कोरडे मोजे.” “आणि?” “डोकं शांत असलेला साहेब.” “आणि?” “घरचं पत्र, पण कटकट नसलेलं.” जीव वाचू दे हे यादीत आलंच नाही. मी विचारलं, तर “ते कोण मोजत बसतंय” म्हणत तंबाखू मळायला लागले. त्या दिवसापासून माझ्या प्रार्थनेत मोजे आहेत. कुणाला हसू येईल, येऊ द्या.

वेळ

दिवेलागणीची वेळ धरा. तुळशीपाशी दिवा लावायची आपली वेळ असते म्हणून तर खरंच, पण दुसरंही एक कारण आहे. फौजेत ‘स्टँड टू’ म्हणून प्रकार असतो. पहाटे फटफटायच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडताना मोर्चावरची सगळी माणसं हत्यार घेऊन आपापल्या जागी सज्ज होतात, कारण अर्धवट उजेडात हल्ला व्हायचा धोका जास्त, अशी जुनी शिकवण आहे. आपण इकडं वात पुढं सारत असतो तेव्हा तो तिकडं डोळे ताणून बघत असतो.

आता तो कुठं आहे त्यावर थोडं मागंपुढं होतं. काश्मीर नकाशात साताऱ्याच्या जवळजवळ सरळ वर येतं, म्हणून फार फरक पडत नाही. जूनमध्ये तिकडं आपल्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासानं उशिरा अंधारतं आणि डिसेंबरात तितकंच लवकर. अरुणाचलात मात्र थंडीच्या दिवसांत साडेचारच्या सुमारालाच सूर्य बुडतो. आपल्याकडं तेव्हा बायका रानातसुद्धा असतात. तेवढ्यासाठी खुरपं टाकून पळत यायची गरज नाही, जिथं आहात तिथं पूर्वेकडं तोंड करून मिनिटभर नाव घ्या.

घड्याळाचा काटा जुळवायचा अट्टहास नको, पण वेळ एक ठरवा आणि ती त्याला सांगून ठेवा. माझा मुलगा म्हणतो, स्टँड टूला उभं असलं की आई आता दिवा लावत असेल असं डोक्यात येऊन जातं. खरं सांगायचं तर पुढं असंही म्हणाला, की मग लगेच भूक लागते.

पहाटेची वेळ ज्यांना जमते त्यांनी धरावी. मला जमत नाही, धारा काढायच्या असतात.

नाव

सासूबाई ह्यांचं नाव घेताना फौजेतला नंबरही घ्यायच्या. शाळा चौथीपर्यंतसुद्धा झालेली नाही, पण तो लांबलचक आकडा तोंडपाठ. मी नवीन असताना विचारलं, “आत्याबाई, देवाला नंबर कशाला?” तर म्हणाल्या, “अगं, गावात संभाजी किती हाईत? त्यातलं मिलट्रीत किती? देवानं कुणाकडं बघायचं?” पूजा सांगणारे गुरुजी संकल्पात नाव आणि गोत्र विचारतात, तसा हा त्यांचा संकल्प. नंबर त्यांना पत्रांवरून पाठ झाला होता. तेव्हा पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे फौजेचं पोस्ट, एवढंच असायचं. माणूस पूर्वेकडं असला तर ९९ एपीओ. गावाचं, जिल्ह्याचं नाव त्यात कुठंच नाही. पत्र दिल्लीकडून नाहीतर कलकत्त्याकडून फौजेच्या टपालात शिरायचं आणि बरोबर त्याच्या हातात पडायचं.

हीच शिस्त प्रार्थनेला लावा. नाव घ्या, ठिकाण घेऊ नका. घरात देवापुढं मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणा, पण देवळात माईकवर ‘अमक्या सेक्टरला असलेले आपले तमके’ असं नको. स्टेटसला वर्दीतला फोटो आणि खाली ‘आज निघाला, प्रार्थना करा’ हे तर मुळीच नको. तो कधी निघाला, हे त्या एका ओळीत जगाला कळतं. ९ मे २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं वाहिन्यांना बजावलं होतं, की लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका. जो नियम वाहिनीला तोच देवळाच्या भोंग्याला.

काय मागायचं

ज्यांना रामरक्षा येते त्यांच्या हातात तयार रस्ता आहे. तिच्यात रक्षण डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचं मागितलेलं आहे: डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, कंठ, खांदे, हात, हृदय, कंबर, मांड्या, गुडघे, पाऊल. लहानपणी आपण ती धडाधड म्हणून टाकतो आणि प्रसादाकडं बघतो. आता सावकाश म्हणा, आणि प्रत्येक अवयवापाशी त्याच्या तिथल्या दिवसाचा विचार करा. रामरक्षा येत नसेल तर मराठीत, आपल्या शब्दांत म्हणा. देवाला संस्कृतच लागतं असं मला वाटत नाही.

डोक्यापाशी: हेल्मेट डोक्यावर राहू दे, उकडतंय म्हणून काढून ठेवायची बुद्धी न होवो. निर्णय घ्यायची वेळ आली तर डोकं ताळ्यावर राहू दे. डोळ्यांपाशी: बर्फावरच्या उन्हानं डोळे भाजतात, काही वेळ दिसेनासं होतं, म्हणून काळा चष्मा लावायची आठवण राहू दे. आणि वाळवंटात असेल तर डोळ्यांत रेती न जावो. कानांपाशी थोडं जास्त थांबा. तोफेच्या आवाजानं कान कायमचे जातात, आमच्या गावात पेन्शनीला आलेले निम्मे जण टीव्ही मोठ्यानं लावतात त्याचं कारण हेच. छातीपाशी: फार उंचावर हवा विरळ असते, फुप्फुसात पाणी भरतं, धडधाकट जवान रात्रीतून आजारी पडतो. तिथं मागायचं ते हे, की दम लागला तर त्यानं लाजून लपवू नये, वेळेत सांगावं, वेळेत खाली उतरवलं जावं. सियाचेनला आपली फौज १३ एप्रिल १९८४ पासून आहे, आणि तिथं गोळीपेक्षा थंडीनं आणि हवेनंच जास्त माणसं नेली. म्हणून ‘शत्रूची गोळी चुकू दे’ एवढंच मागणाऱ्या बाईची प्रार्थना अर्धी राहते.

बोटांपाशी: त्या थंडीत उघड्या हातानं लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटून निघते. हातमोजा असू दे. पाठीपाशी ओझं. गुडघ्यांपाशी उतार, कारण चढाला दम जातो पण उताराला गुडघे. आणि पायांपाशी ते कोरडे मोजे.

हे सगळं करायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि एक फायदा असा की मनात भलतं चित्र आलं की त्याला जागा उरत नाही. रक्त दिसायला लागलं तर तुम्ही आत्ता कुठल्या अवयवापाशी आहात ते आठवा आणि तिथून पुढं चला.

सासूबाईंना रामरक्षा येत नव्हती. त्या जात्यावर बसून जुळवायच्या. जातं आता परसात पडलंय, पण रीत माझ्याकडं आहे. भाकरी थापताना मीही जुळवते. माझ्या दोन-तीन अशा आहेत:

पहिली माझी ओवी, बर्फाच्या चौकीला,
ऊब राहू दे ग, बाळाच्या बोटांला.

दुसरी माझी ओवी, त्याच्या जोडीदाराला,
झोप लागू दे ग, पाळी सरल्याला.

तिसरी माझी ओवी, लांगऱ्याच्या चुलीला,
गरम डाळ मिळो, वाट बघणाऱ्याला.

यमक जमलं नाही तरी चालतं, कुणी मार्क देणार नाही. मात्र ओवी त्याला फोनवर म्हणून दाखवू नका, पोरं लाजतात.

आपल्यापुरतं नको

दुसऱ्या ओवीतला जोडीदार मुद्दाम आहे. फौजेत प्रत्येकाला एक ‘बडी’ असतो. झोपताना, जागताना, चढताना, जखमी झाल्यावर पाठीवर घेताना तोच. आपल्या पोराचा जीव बऱ्याच अंशी त्या दुसऱ्या पोराच्या जागेपणावर असतो, आणि ते पोर कदाचित बेळगावकडचं असेल, कदाचित बिहारचं. त्याचं नाव विचारून घ्या आणि आपल्या नावाबरोबर घ्या. त्याची आई तिकडं तुमच्या पोराचं घेत असेल, नसेल, त्याचा हिशेब ठेवू नका.

मग लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. मग ड्रायव्हर, डोंगरातल्या त्या रस्त्यांवर गाडी चालवणं हीच एक लढाई आहे. मग मलमपट्टी करणारा, आणि बेस हॉस्पिटलातल्या नर्स. मग खेचरं. हो, खेचरंसुद्धा. जिथं गाडी जात नाही तिथं रॉकेल आणि पीठ त्यांच्याच पाठीवरून जातं.

साहेबासाठी मागायला विसरू नका. ह्यांचे सुभेदार म्हणायचे, चांगला साहेब म्हणजे अर्धं चिलखत.

आता शत्रूचं. यावर आमच्या देवळात चांगलीच वादावादी झाली. तरण्या पोरांना ‘शत्रूचा नायनाट होवो’ असं म्हणायचं होतं. मी म्हटलं, ते चौकात म्हणा, जोरात म्हणा, मीही येते. देवळात आपण शेवटी पसायदान म्हणतो आणि त्यात ‘खळांची व्यंकटी सांडो’ असं आहे. वाईट माणूस मरू दे असं मागितलेलं नाही, त्याचा वाकडेपणा जाऊ दे असं मागितलंय. आणि व्यवहारानं बघितलं तरी तेच बरं आहे की. समोरच्याचा वाकडेपणा गेला तर आमचा पोरगा घरी येतो. नायनाट करायचा तर त्यालाच पुढं जावं लागतं. पोरांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून पसायदानाला ती गप्प उभी राहतात.

मुलाणी भाभींचा पुतण्याही फौजेत आहे. त्या मगरिबची नमाज झाली की आमच्याकडं ओट्यावर येऊन बसतात, त्यांची दुआ त्या करतात, आमचं आम्ही म्हणतो, आणि मग दोघी मिळून आल्याचा भाव पडला म्हणून सरकारला शिव्या घालतो. फौजेत तरी वेगळं काय आहे? मिश्र पलटणीत एकाच छपराखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च असं ‘सर्वधर्म स्थळ’ असतं.

तिकडचे देव

तो तिथं देवाविना पडलाय अशा समजुतीत राहू नका. पलटणीत मंदिर असतं, ‘मंदिर परेड’ असते, आणि नायब सुभेदाराच्या हुद्द्याचा धर्मगुरू असतो, तो पूजेइतकाच पोरांचं मन राखायचं काम करतो. काश्मीरमधल्या मराठा पलटणी गणपती बसवतात, आणि चढाईला निघताना तोंडी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ असतं. लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फुटांवर, २६ डिसेंबर २०२४ पासून महाराजांचा पुतळा उभा आहे. सियाचेनला चढणारे जवान ओपी बाबाच्या, म्हणजे तिथं राखण करतो असं मानलेल्या एका सैनिकाच्या, ठाण्यापुढं हजेरी देऊन जातात आणि उतरल्यावर परत येऊन कळवतात. राजस्थानात जैसलमेरकडं तनोट मातेचं देऊळ आहे. १९६५ च्या लढाईत आसपास पडलेले तोफगोळे तिथं फुटलेच नाहीत असं जवान सांगतात, आणि देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. आपल्या कुलदैवताबरोबर त्याच्या पलटणीतल्या देवाचंही नाव घ्या. दोन्ही देव आपापसात बघून घेतील.

अंगारा द्यायचा तर निघतानाच द्या. वहीच्या कागदाची बोटभर पुडी, वरून पारदर्शक चिकटपट्टी दोन फेरे, म्हणजे घामानं ओली होत नाही आणि पाकिटात मावते. पालीच्या खंडोबाचा भंडारा असेल तर पुडी दुहेरी बांधा, नाहीतर ओळखपत्र पिवळं होतं आणि गेटवर उभा असलेला माणूस हसतो. दही-साखर हातावर, औक्षण, आणि उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून हाक मारायची नाही. रडायचं असेल तर एसटी वळणाआड गेल्यावर.

नवस आणि उपास

नवस बोलायचा तर आपल्या पायावर बोला, त्याच्या पायावर नको. आमच्या वस्तीतल्या एका आत्यांनी कारगिलच्या वेळी बोलून ठेवलं, की पोरगा सुखरूप आला तर शिखर शिंगणापूरला अनवाणी चालत येईल, मांढरदेवला काळूबाईची ओटी भरेल, आणि गावजेवण घालेल. पोरगा सुखरूप आला. पंधरा दिवसांची सुट्टी. त्यातले निम्मे दिवस नवस फेडण्यात गेले, गावजेवणाला सोसायटीतून कर्ज काढलं, आणि पायाला फोड घेऊन तो परत ड्यूटीवर गेला. देवानं राखलं आणि आईनं दमवलं. चालायचं तर तुम्ही चाला. नारळ, साखर, एक वेळचं अन्न गरजूला, एवढ्यात देव समजून घेतो. त्याच्या पगारातून फेडायचा नवस त्याला विचारल्याशिवाय बोलूच नका.

उपासाचंही तसंच. शुगर, बीपी असलेल्या बायांनी निर्जळी उपास धरायचे नाहीत. देवळात चक्कर येऊन पडलात तर फोन कुणाला जातो? त्यालाच. आणि मग तो मोर्चावर उभा राहून तुमचा विचार करतो. तुमची गोळी वेळेवर घेणं हा सगळ्यात मोठा उपास आहे असं मी माझ्या नणंदेला सांगते. ती ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

फोन आला तर

कारगिलच्या वेळी एसटीडी बूथवर निरोप यायचा आणि आम्ही धावत जायचो. आता खिशात फोन आहे, तरी लढाईच्या दिवसांत तो बंदच असतो. आला तर दोन-तीन मिनिटं मिळतात. ‘कुठं आहेस’ विचारू नका. त्याला सांगता येत नाही, आणि आईला नाही म्हणताना त्यालाच वाईट वाटतं. ‘टीव्हीवर असं दाखवतायत’ हेही नको. घरात घडलेली एक साधी गोष्ट सांगा: म्हशीनं पान्हा चोरलाय, विहिरीवरची मोटर जळाली होती ती भरून आणली, धाकटीचा दात पडला. घर नीट चाललंय हे कळलं की त्याचं डोकं मोकळं राहतं, आणि तुम्ही संध्याकाळी तेच तर मागत असता.

म्हणून ज्यांच्या घरचं कुणी फौजेत नाही अशा लोकांना माझं सांगणं, की निरांजन लावल्यावर उठून शेजारच्या फौजीच्या घरी जा. त्याच्या वडिलांना डोळे दाखवायला साताऱ्याला न्यायचंय का विचारा. पाणी पाळी रात्रीची असेल तर त्याच्या रानात दारं धरा, म्हणजे पिकाला पाणी द्या. तलाठ्याकडं, बँकेत सुनेबरोबर कुणीतरी जा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो, १९४९ पासून फिरतोय, त्यात सुट्टे टाकून छातीला झेंडा लावून मोकळं होणं सोपं आहे. दारं धरणं अवघड आहे, थंडीत पाय बधिर होतात. धरून बघा म्हणजे मोज्यांची प्रार्थना मनापासून होईल.

वाईट खबर आली तर

यावर थोडकंच लिहिते. फौजेकडून, अधिकाऱ्यांकडून कळल्याशिवाय कुठलीही खबर पुढं पाठवू नका. नाव सारखं असलेला दुसरा कुणी असतो आणि इकडं एका घरात चूल विझते. खरी खबर आली तर त्या घरी जाऊन बसा. बोलू नका. मोबाईल घरी ठेवा. घोषणा ज्या द्यायच्या त्या अंत्ययात्रेत द्या, सैपाकघराच्या खिडकीखाली नकोत. पोराच्या आईपुढं ‘भाग्यवान आहात’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याला हात धरून बाजूला नेणारं एखादं माणूस गावानं आधीच नेमून ठेवावं.

प्रार्थना मेलेल्यासाठी असतेच, मागं राहिलेलीसाठी वेगळी करा, आणि ती नुसती ‘धीर दे’ अशी नको. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीत गेल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. आता प्रत्येकीनं वर्दी घालावी असा याचा अर्थ नाही. कुणाला शिलाई मशीन हवं असतं, कुणाला पुढं शिकायचं असतं, कुणाला माहेरी जाऊन राहायचं असतं, कुणाला परत लग्न करायचं असतं. तिला जे करायचं असेल त्याला वाट मिळू दे, आणि आमची जीभ तिच्या आड न येवो, असं मागा. दुसरं मागणं आमच्या गावाला पहिल्यापेक्षा जड जातं.

लढाई थांबल्यावर

१० मे २०२५ ला संध्याकाळी गोळीबार थांबला म्हणून जाहीर झालं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या देवळात निम्म्या बायका आल्या नाहीत. आयपीएल परत सुरू कधी होणार याची चर्चा सुरू झाली. लढाई टीव्हीवर थांबते, मोर्चावरचा माणूस लगेच खाली उतरत नाही. कारगिल २६ जुलै १९९९ ला संपलं, पण जी ठाणी पूर्वी थंडीत रिकामी करून खाली यायची पद्धत होती, त्यातली कितीतरी त्यानंतर थंडीतसुद्धा, बाराही महिने धरून ठेवावी लागली. ह्यांच्या पुष्कळ ओळखीचे लोक तो पहिला हिवाळा वर होते. ‘जिंकलो’ म्हणून पेढे वाटून झाल्यावर त्यांच्यासाठी दिवा कोण लावत होतं?

तेव्हा रोज नाही जमलं तर गुरुवारी, नाहीतर संकष्टीला, पण चालू ठेवा. आणि तो घरी आला की पहिले दोन दिवस त्याला देवदर्शनाला नेऊ नका, पाहुण्यांपुढं बसवू नका, पहाटे आरतीला उठवू नका. फटाके वाजवून स्वागत तर अजिबात नको; झोपेतून तो कसा उठेल सांगता येत नाही. ‘किती जणांना मारलं’ असं विचारणाऱ्या पाव्हण्याला चहासुद्धा देऊ नका.

आमच्या देवळात आता जे चालतं त्याचा क्रम देते, कुणाला आपल्या गावात सुरू करायचं असेल तर. घंटा तीनदा. समई. ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या घरच्यानं घ्यायचं, ठिकाण न घेता. ज्यांच्या घरी घ्यायला कुणी उरलं नाही त्यांची नावं पुजारीबुवा घेतात. मारुती स्तोत्र एकदा, लहान पोरांकडून, कारण त्यांचं पाठ असतं आणि ती ओरडतात छान. मग डोक्यापासून पायापर्यंतचं मागणं, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘राख रे देवा’ म्हणायचं. बडी, लांगरी, ड्रायव्हर, नर्स, साहेब, खेचरं. मिनिटभर गप्प. पसायदान. खोबरं-साखर. भाषण कुणालाही करू द्यायचं नाही, सरपंचालाही नाही. वीस मिनिटांत आटोपतं, भाताचा कुकर बारीक गॅसवर ठेवून यायला हरकत नाही.